साने गुरुजी : पालगडच्या घरापासून आंतरभारतीपर्यंत

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात पुस्तकांची फळी लहान असली, तरी तिच्यावर ‘श्यामची आई’ची एखादी जुनी प्रत बहुधा असतेच. आजीने नातवाला वाचून दाखवलेली, कुणाला शाळेत बक्षीस मिळालेली. त्यामुळे साने गुरुजी म्हटले की डोळ्यांत पाणी आणणारा, आईच्या आठवणी सांगणारा लेखक, एवढीच ओळख अनेकांच्या मनात राहते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या माणसाने तुरुंगात बसून तमिळ शिकायला घेतले, टॉलस्टॉय मराठीत आणला, पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून प्राण पणाला लावले आणि शेवटची दोन वर्षे एका भाषेच्या माणसाने शेजारच्या भाषेला कसे भेटावे या विचारात घालवली. सीमाभागात किंवा दुसऱ्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला हा शेवटचा भाग सर्वांत जवळचा वाटावा असा आहे, आणि नेमका तोच सर्वांत कमी वाचला जातो.

गुरुजींचे वाचन, त्यांची श्रद्धा आणि त्यांचे समाजकार्य यांची वेगवेगळी प्रकरणे पाडता येत नाहीत. वाचलेले पटले की ते मराठीत आणायचे आणि पटलेले आचरणात आणायचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो हिशेब त्यांना महागातही पडला.

जन्म आणि घर

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणे खोताचे, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारे. एकेकाळी बरे चाललेले हे घर पांडुरंगाच्या लहानपणी कर्जात बुडत गेले. सावकाराचा तगादा, जप्तीची भीती आणि नातेवाइकांसमोर होणारी मानहानी या गोष्टी ‘श्यामची आई’मध्ये येतात, त्या या घरातल्याच.

या पुस्तकात एक प्रसंग आहे. महार समाजातल्या एका म्हातारीची लाकडाची मोळी वाटेत खाली पडते. ती परत डोक्यावर चढवून द्यायला कुणी पुढे येत नाही, कारण शिवाशिव आड येते. श्यामची आई मुलाला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे. पण त्याच वेळी घरी आल्यावर आंघोळ करून घे, असेही सांगते. आईच्या मनात दया होती आणि रूढीही होती. तिने दयेला पुढे घातले आणि रूढीची समजूत आंघोळीने काढली. तिच्या काळात आणि तिच्या परिस्थितीत एवढे धाडससुद्धा मोठेच होते.

गुरुजींनी ही आठवण लिहिताना आंघोळीचा तपशील गाळला नाही. आईवर एवढे प्रेम करणारा मुलगा तो सहज लपवू शकला असता. आईने जिथे आंघोळ सांगितली तिथून पुढची वाट आपण चालायची, हे त्यांच्या पुढच्या आयुष्यात दिसत राहते.

शिक्षण : अर्धपोटी आणि पुस्तकांसोबत

पालगडनंतर दापोलीला इंग्रजी शाळा. घरून पैसे येण्याची शक्यता संपली तेव्हा औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते असे कळले, म्हणून हा मुलगा औंधला गेला. तिथे प्लेग आला. मग पुणे, नूतन मराठी विद्यालय. १९१७ साली आई गेली, तेव्हा तो पुण्यात शिकत होता. शेवटची भेट झाली नाही. ही चुटपुट पुढे सोळा वर्षांनी पुस्तकाच्या रूपाने बाहेर आली.

१९१८ साली मॅट्रिक, १९२२ साली बी. ए. आणि त्यानंतर एम. ए. या सगळ्या वर्षांत जेवणाचे हाल आणि भरपूर वाचन हे दोन्ही बरोबर चालले होते. संस्कृत काव्य, संतवाङ्मय आणि इंग्रजीतून येणारे जगाचे साहित्य यांचा पाया इथे घातला गेला. त्यांच्या ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ या पुस्तकांत या दिवसांच्या खुणा सापडतात.

अमळनेर : मास्तर आणि वसतिगृह

प्रताप शेठ यांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते. साने तिथे अभ्यासासाठी गेले. पण नुसत्या तत्त्वचर्चेत त्यांचे मन रमले नाही, आणि १९२४ साली ते त्याच गावातल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. ‘गुरुजी’ हे नाव इथलेच.

मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाची शुश्रूषा करणे, कुणाचे कपडे धुऊन ठेवणे ही कामे ते स्वतः करत. मुलांना ओरडण्याऐवजी हे करून ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी मुलगा आपणहून करतो, अशी त्यांची पद्धत होती. याच काळात त्यांनी वसतिगृहात हाताने लिहिलेले दैनिक सुरू केले. जगात काय चालले आहे, कोणते पुस्तक चांगले आहे, कोणत्या देशात कोण लढतो आहे, हे सगळे मुलांना त्यातून कळे. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले.

त्यांच्या वाचनाची तऱ्हा इथे स्पष्ट होते. आवडलेले स्वतःपुरते ठेवायचे नाही, रात्री जागून सकाळी मुलांच्या हातात द्यायचे. पुढे आयुष्यभर त्यांनी जे भाषांतराचे काम केले, त्याची सुरुवात या हस्तलिखित दैनिकात आहे असे म्हणता येईल.

तुरुंग हेच ग्रंथालय

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. अटक झाली, धुळ्याचा तुरुंग झाला, आणि पुढे त्यांना तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात हलवण्यात आले. खानदेशातला मास्तर एकदम तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड बोलणाऱ्या कैद्यांमध्ये जाऊन पडला.

तिथे त्यांना एक गोष्ट बोचली. इंग्रज कवींची नावे आपल्याला पाठ आहेत, रशियन कादंबऱ्या आपण वाचल्या आहेत, पण शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या भाषेतला एकही कवी आपल्याला माहीत नाही. त्यांनी तमिळ शिकायला घेतले. तिरुवल्लुवरांच्या ‘कुरल’ची गोडी त्यांना लागली. एक हजार तीनशे तीस द्विपद्यांचा हा ग्रंथ त्यांनी पुढे मराठीत आणला. आंतरभारतीची कल्पना कागदावर आली १९४९ साली, पण तिचे बी तिरुचिरापल्लीच्या या तुरुंगात पडले होते.

दुसरी मोठी घटना १९३२ची, धुळे तुरुंगातली. विनोबा भावे तिथे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार. गुरुजी समोर बसून ते भरभर उतरवून घेत. त्या टिपणांतूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ उभा राहिला आणि पुढे देशातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या भाषांत गेला. आज तो विनोबांचा ग्रंथ म्हणून ओळखला जातो, ते बरोबरच आहे. पण साने गुरुजींचा हात चालला नसता तर ते शब्द त्या तुरुंगाच्या भिंतींतच राहिले असते.

तिसरी घटना फेब्रुवारी १९३३ची, नाशिक तुरुंगातली. दिवसा काम आणि रात्री लेखन अशा अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक मजकूर लिहून झाला. पुस्तक १९३५ साली निघाले. आश्रमातले मित्र रात्री जमतात आणि श्याम एकेक आठवण सांगतो, अशी त्याची साधी मांडणी आहे, आणि अशा एकूण बेचाळीस रात्री आहेत. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. २०२३ साली त्यावर पुन्हा एक नवा चित्रपट आला.

वाचले ते मराठीत आणले

गुरुजींच्या नावावर शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तके आहेत. त्यांत मुलांच्या गोष्टी, कादंबऱ्या, चरित्रे, निबंध, पत्रे असे सगळे आहे. पण यादी नीट पाहिली तर एक मोठा भाग दुसऱ्यांचे वाचून मराठीत आणलेल्या पुस्तकांचा आहे. टॉलस्टॉयचा कलेवरचा प्रसिद्ध ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. व्हिक्टर ह्युगोची पाव चोरणाऱ्या कैद्याची अजरामर कथा त्यांनी ‘दुःखी’ या नावाने मराठी मुलांना सांगितली. हेन्री थॉमसचा जगाचा इतिहास ‘मानवजातीची कथा’ म्हणून दिला. त्यांची ‘इस्लामी संस्कृती’ ही पुस्तिकाही आहे. मुसलमान शेजाऱ्याचा धर्म, त्याचा इतिहास आणि त्याचे थोर पुरुष हिंदू वाचकाला आदराने कळावेत, एवढाच तिचा हेतू.

दुसऱ्या टोकाला ‘स्त्री जीवन’ आहे. जात्यावर दळताना बायका ज्या ओव्या म्हणत, त्या गुरुजींनी घरोघरच्या आयाबहिणींकडून गोळा केल्या आणि दोन भागांत छापल्या. टॉलस्टॉय वाचणारा माणूस जात्यावरची ओवीही तेवढ्याच आदराने उतरवून घेतो, ही गोष्ट त्या काळात सरसकट दिसणारी नव्हती.

त्यांच्या लेखनावर टीकाही झाली. फार रडके, फार भाबडे, कलेच्या दृष्टीने कच्चे, असे समीक्षकांनी म्हटले. ती टीका सगळीच चुकीची नाही. घाईने लिहिलेली, एकाच सुरातली पुस्तके त्यांच्याकडे आहेत. त्यांना स्वतःला आपण मोठे कलावंत असल्याचा दावा करायचाच नव्हता. गरीब मुलाला दोन-चार आण्यांत चांगले पुस्तक मिळावे, हा त्यांचा पहिला विचार असे.

श्रद्धा : अद्वैत कशाशी खायचे?

गुरुजी श्रद्धाळू होते. देव, भजन, संत, तुळस, नदी यांच्यावर त्यांचे प्रेम होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. पण त्यांच्या श्रद्धेला एक अट होती. ‘भारतीय संस्कृती’ या पुस्तकाची सुरुवातच ते अद्वैतापासून करतात. सगळ्यांत एकच आत्मा आहे असे पोथीत वाचायचे आणि दारातल्या माणसाची सावली टाळायची, हा दुटप्पीपणा त्यांना सहन होत नव्हता. दुसऱ्याचे दुःख आपले वाटणे म्हणजे अद्वैत, आणि ते नसेल तर पाठांतराचा उपयोग काय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

त्यामुळे ते एकीकडे सनातन्यांना नको होते आणि दुसरीकडे धर्म म्हटला की अंग आखडणाऱ्या काही पुरोगामी मित्रांनाही ते पुरते पचत नव्हते. शाळाशाळांतून आजही म्हटली जाणारी त्यांची प्रार्थना हीच भूमिका सोप्या शब्दांत मांडते. कुठल्याही धर्माच्या मुलाला ती अडखळत नाही, म्हणून ती टिकली.

शेतकरी-कामगारांच्या प्रश्नांतही ते याच वाटेने शिरले. १९३६च्या फैजपूर काँग्रेससाठी, म्हणजे खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनासाठी, त्यांनी खानदेशातली गावे पायाखाली घातली. १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. पिके बुडाल्यावर शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून शेतकऱ्यांना उभे केले. गिरणी कामगारांच्या बाजूने ते उभे राहिले. १९४२च्या आंदोलनात भूमिगत झाले आणि नंतर पुन्हा तुरुंगात गेले.

पंढरपूर, मे १९४७

विठ्ठल हे दैवत एकट्या महाराष्ट्राचे कधीच नव्हते. ज्ञानेश्वरांनी त्याला ‘कानडा’ म्हटले आहे. कर्नाटकात पुरंदरदासांनी आपली नाममुद्राच विठ्ठलाच्या नावाने घेतली. आजही आषाढीला बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतून दिंड्या निघतात. पण याच विठ्ठलाच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या भक्ताला प्रवेश नव्हता. चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर बाहेरच आहे, आणि शतकानुशतके त्याच्या जातभाईंनीही बाहेरूनच हात जोडले.

स्वातंत्र्य दारात आलेले असताना हे दार बंद राहावे, हे गुरुजींना असह्य झाले. त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. सेनापती बापटांसारख्या ज्येष्ठांच्या सांगण्यावरून आधी लोकमत तयार करायचे ठरले, आणि गुरुजी महाराष्ट्रभर दौऱ्यावर निघाले. राष्ट्र सेवा दलाची कलापथकाची मुले बरोबर होती. गावोगाव सभा झाल्या. अनेक ठिकाणी लोकांनी आपली मंदिरे आणि विहिरी मोकळ्या केल्या. पण पंढरपूरचे बडवे तयार होईनात.

१ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजींचे उपोषण सुरू झाले. गावात विरोध उघड होता, विरुद्ध घोषणाही झाल्या. उपोषण करू नये असा सल्ला गांधीजींकडूनही आला. गांधीजींना दैवत मानणाऱ्या या माणसाने तो नम्रपणे बाजूला ठेवला. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले. वाटाघाटी झाल्या, मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

इथे एक प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह केला, दार उघडले नाही, आणि १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणाच केली. मग १९४७ साली मंदिर प्रवेशाने दलितांना काय मिळणार होते? प्रश्न रास्त आहे. जमीन, शिक्षण, नोकरी, मान यांतले काहीच देवळाच्या पायरीवर मिळत नाही. गुरुजींच्या उपोषणाचा रोख मात्र आत उभ्या असलेल्या सवर्णांकडे होता. बाहेर उभ्या असलेल्यांवर उपकार करण्याची भाषा त्यात नव्हती. आपल्या माणसांनी केलेल्या पापाचे हे प्रायश्चित्त, अशी त्यांची भावना होती. पालगडच्या वाटेवर मोळी उचलल्यानंतर आंघोळ करणारा मुलगा तीस-पस्तीस वर्षांनी या मठात उपाशी बसला होता, असे पाहिले की उपोषणाचा अर्थ लागतो.

शेवटची वर्षे आणि ‘साधना’

जानेवारी १९४८मध्ये गांधीजींची हत्या झाली. मारणारा महाराष्ट्रातला, ही गोष्ट गुरुजींच्या जिव्हारी लागली. त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. मुंबईत ‘कर्तव्य’ नावाचे दैनिक काढले, ते फार काळ चालले नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू झाले. हे साप्ताहिक आजही पुण्याहून निघते. यदुनाथ थत्ते यांच्यापासून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यापर्यंत अनेकांनी त्याचे संपादन केले.

स्वातंत्र्यानंतरचा देश गुरुजींच्या मनातल्या देशासारखा दिसेना. जात, धर्म, प्रांत यांची भांडणे वाढत होती. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय अवघे पन्नास. दुसऱ्यांना आयुष्यभर धीर देणारा माणूस स्वतः किती एकटा पडला होता, हे जवळच्यांनाही वेळेवर कळले नाही. ही हळहळ त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनातून पुढे अनेक वर्षे येत राहिली.

आंतरभारती : सीमेवरच्या माणसासाठी

मे १९४६मध्ये बेळगावला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. तिथे संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोरात पुढे आली, आणि बेळगावच्या मराठी माणसाच्या आठवणीत ते संमेलन कायमचे बसले. तीन वर्षांनी, १९४९ साली, आचार्य शं. द. जावडेकरांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात संमेलन झाले. तिथे साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली.

वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील. एक आपल्या भाषेचे राज्य मागते, दुसरी दुसऱ्याची भाषा शिकायला सांगते. पण आपल्या भाषेवर प्रेम करायला शेजारच्या भाषेचा राग करावा लागत नाही, हे गुरुजींचे म्हणणे होते. भाषावार राज्ये होऊ घातली असताना प्रांतांमध्ये कडवटपणा वाढतो आहे, हे त्यांना दिसत होते आणि त्यावर त्यांना उपाय हवा होता.

रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात विश्वभारती उभी केली, जगाला भारताशी जोडण्यासाठी. गुरुजींचे म्हणणे असे की जगाच्या आधी भारतातल्या भाषा तरी एकमेकींना भेटू द्या. त्यासाठी एक संस्था असावी. तिथे निरनिराळ्या प्रांतांतल्या तरुणांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, गाणी आणि नृत्ये शिकावीत, एका भाषेतले चांगले पुस्तक दुसऱ्या भाषेत थेट न्यावे. अधेमधे इंग्रजीचा दलाल नको. या संस्थेसाठी त्यांनी निधी गोळा करायलाही सुरुवात केली होती. ती त्यांच्या हयातीत उभी राहिली नाही. नंतर त्यांच्या अनुयायांनी आंतरभारतीच्या नावाने शिबिरे, भाषांतरे, मुलांच्या एकमेकांच्या राज्यात भेटी असे काम चालू ठेवले. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर इथे त्यांचे राष्ट्रीय स्मारकही आहे.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. पुढचे सगळे वाचकांना ठाऊक आहे. गुरुजी ते पाहायला नव्हते, आणि सीमाप्रश्नावर त्यांचे म्हणणे काय झाले असते याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण सीमेवरच्या घरात आंतरभारती रोजच घडत असते, हे मात्र खरे. बेळगावचा मराठी मुलगा बाजारात कन्नड बोलतो, हैदराबादची मराठी आजी तेलुगू शेजारणीकडून लोणच्याची कृती घेते, वडोदऱ्यात मराठी घरातली मुले शाळेत गुजराती कविता पाठ करतात, इंदूर-ग्वाल्हेरची मराठी माणसे हिंदीत विचार करून मराठीत रागावतात. भाषा येते, पण त्या भाषेतले साहित्य बहुतेक वेळा घरात येत नाही. व्यवहारापुरती भाषा शिकली जाते आणि तिथेच गाडी थांबते. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात गुरुजींना जे बोचले ते नेमके हेच होते.

उलट बाजूही आहे. आपली मराठी घरात टिकवायची तर ती वाचावी लागते. नुसत्या बोलण्यावर ती दोन पिढ्यांपेक्षा जास्त टिकत नाही, याचा अनुभव जुन्या वसाहतींतल्या अनेक कुटुंबांनी घेतला आहे.

वाचायला कुठून सुरुवात करावी?

गुरुजींच्या निधनाला साठ वर्षे पूर्ण झाल्यावर, म्हणजे २०११पासून, त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांचा स्वामित्वहक्क संपला. त्यामुळे अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या बाजारात आहेत आणि किमतीही परवडणाऱ्या आहेत. घेताना आवृत्ती संपूर्ण आहे की संक्षिप्त, एवढे पाहून घ्यावे.

लहान मुलांसाठी ‘श्यामची आई’ एका बैठकीत संपवू नये. पुस्तक रात्रींमध्येच विभागलेले आहे, तेव्हा रोज एक रात्र मोठ्याने वाचावी. मराठी शाळेत न गेलेल्या मुलालाही ती कळते. मोठ्यांनी ‘भारतीय संस्कृती’ घ्यावी. न पटणारे काही निघाले तर पेन्सिलीने खूण करून पुढे जावे. ‘स्त्री जीवन’ घरातल्या सर्वांत वयस्कर बाईसोबत वाचावे, तिला त्यातल्या काही ओव्या आठवतील आणि पुस्तकात नसलेल्याही एक-दोन निघतील. त्या लिहून ठेवाव्यात, गुरुजींनी ते पुस्तक असेच केले होते. आणि ‘कुरल’चा अनुवाद मिळाला तर जरूर घ्यावा. एका मराठी मास्तराने तुरुंगात परक्या वाटणाऱ्या भाषेशी केलेली ही मैत्री आहे.

तो वाचून झाल्यावर शेजारच्या घरी त्यांच्या भाषेतले असे एखादे पुस्तक कोणते, एवढे विचारून यावे. गुरुजींच्या कल्पनेतली आंतरभारती याहून फार वेगळी नव्हती.